सिस्टरचे नाव

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देऊन टाकते. मला डॉक्टरांच्या मालिकांचे वेड आहे. वेड म्हणजे अगदी वेड! 2002 साली ‘संजीवनी’ सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. खर्डीला माहेरी आमच्याकडे केबल नव्हती, म्हणून अभ्यासाची वही काखेत मारून मी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसायची. डॉ. जुहीचा तो पांढरा कोट आणि गळ्यातला स्टेथोस्कोप बघून आपणही डॉक्टर व्हावे असे वाटायचे. नववीच्या गणिताने ते स्वप्न निकालात काढले, ती गोष्ट वेगळी. पुढे बी.ए. झाले, लग्न होऊन कसाऱ्याला आले, आणि आता एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. स्टेथोस्कोप राहिला तो राहिलाच. मालिकांचे वेड मात्र सुटले नाही.

तर गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मे महिन्यात आमच्या कसाऱ्याचा रंग काय असतो ते इथल्या बायकांनाच ठाऊक. सकाळ उजाडते ती पाण्याच्या काळजीने. हंडे, कळशा, पिंप, सगळे मोजून भरायचे आणि मोजून वापरायचे. त्यातच नणंदेची मुलगी सुट्टीला आमच्याकडे आली. मुरबाडकडच्या खेड्यातली पोर. बारावी सायन्सचा निकाल नुकताच लागलेला, बासष्ट टक्के. कामाला वाघीण, बोलायला गोड. माझी दहा वर्षांची लेक तर दिवसभर तिच्याच मागेमागे.

पण ती यायच्या आधीच ताईंचा, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचा, फोन आला होता.

“वहिनी, पोरीच्या डोक्यात नर्सिंगचं खूळ शिरलंय. तुझं ऐकते ती. तू शिकलेली, शाळेत शिकवतेस. नीट समजाव तिला. म्हणावं बी.ए. कर, डी.एड. कर, तुझ्या मामीसारखी. चार लोकांत सांगायला बरं आणि उद्या स्थळ बघायलाही बरं.”

मी ‘हो’ म्हटले. भिडेखातर नव्हे, अगदी मनापासून म्हटले. लोकांची घाण काढायची, रात्रीबेरात्री एकटीने ये-जा करायची, डॉक्टरांची बोलणी खायची, हे कशाला पोरीच्या नशिबी? असे मलाही वाटत होतेच. चार दिवस जाऊ देत, गोडीगुलाबीने विषय काढू, असे मी ठरवले.

आमचे हे कल्याणला नोकरीला. पहाटेच्या लोकलने जातात आणि रात्री साडेनऊच्या पुढे घरी येतात. ते येईपर्यंत संध्याकाळची दोन तास आम्ही बायकांची सत्ता! भाचीने पहिल्याच दिवशी टीव्हीवर ‘मुंबई डायरीज 26/11’ शोधून काढली. ही मालिका प्राइम व्हिडिओवर सप्टेंबर 2021 मध्ये आली, तिचे आठ भाग आहेत. निखिल अडवाणींची निर्मिती. मुंबईतले एक सरकारी इस्पितळ, नाव ‘बॉम्बे जनरल हॉस्पिटल’. इस्पितळ काल्पनिक, पण रात्र खरी, 26 नोव्हेंबर 2008 ची. तीन शिकाऊ डॉक्टर त्याच दिवशी कामावर रुजू होतात आणि संध्याकाळ होता होता बाहेर गोळीबार सुरू होतो. जखमींची रीघ लागते. खाटा कमी, सामान कमी, माणसे कमी. दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2023 मध्ये, तिचा दुसरा हंगाम आला, तो मुंबईच्या पुरावर. मी दोन्ही हंगाम आधीच संपवले होते. पण भाचीबरोबर पुन्हा बघायला माझी काय हरकत?

आमच्या सासूबाईही जपमाळ घेऊन येऊन बसल्या. मुख्य डॉक्टर कौशिक ओबेरॉय म्हणजे मोहित रैना. पण सासूबाई त्याला डॉक्टर मानायलाच तयार नाहीत. ‘देवों के देव महादेव’ त्यांनी एकही भाग न चुकवता बघितलेली. त्यांच्या लेखी तो साक्षात महादेव! गोळीबार सुरू झाला की मी डोळ्यांवर पदर घ्यायची, आणि सासूबाई शांतपणे म्हणायच्या, “अगं, त्यानं हलाहल पचवलंय. गोळीनं काय होतंय त्याला?” शिकाऊ डॉक्टर सुजाताच्या कामात आपली मृण्मयी देशपांडे. तिला बघताच, “ही तर ‘कुंकू’मधली जानकी! डॉक्टर झाली होय पोर? बरं झालं बाई!”

आणि डॉक्टर हात धुवायला लागले की सासूबाईंचा जीव वरखाली. “नळ बंद कर म्हणावं आधी!” आम्ही हसून बेजार. पण मैत्रिणींनो, हसता हसता माझ्या मनात आले, खोटे काय आहे त्यात? तानसा आणि भातसा ही धरणे आमच्या शहापूर तालुक्यातली. मुंबईच्या खऱ्या इस्पितळांत डॉक्टर हात धुतात ते पाणी आमच्या डोंगरांवरून गेलेले, आणि आमच्या वाड्यापाड्यांवर मे महिन्यात टँकर. असो. तो वेगळाच लेख होईल.

मालिका मला आवडते, पण आंधळी चाहती मी नाही. काही गोष्टी खटकतात. एका माणसाने, तेही धावता धावता, एकामागून एक इतक्या शस्त्रक्रिया करायच्या? जखमी शरीराला श्वास घ्यायलाही वेळ नाही. प्रत्येक डॉक्टरच्या घरची भांडणेसुद्धा नेमकी त्याच रात्री उकरून काढायची! उलट काही गोष्टी फार खऱ्या वाटतात. सर्वांत आधी बातमी द्यायच्या नादात आपण कोणाचा जीव धोक्यात घालतो आहोत, हे त्यातल्या पत्रकार मुलीला उशिरा उमगते, तो धागा मला पटला. कोंकणा सेन शर्माची चित्रा दास तर मला फारच आवडते. नवऱ्याच्या माराची भीती अंगात मुरलेली बाई, पण रुग्णांसमोर उभी राहिली की ती भीती गिळते.

तर चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही त्या भागापर्यंत आलो, ज्यात बंदूकधारी खुद्द इस्पितळातच शिरतात. वॉर्डातले रुग्ण, ज्यांना उठता येत नाही, पळता येत नाही, त्यांचे करायचे काय? माझी लेक माझ्या कुशीत शिरली. सासूबाईंची माळ थांबली. मला पुढचे ठाऊक होते, तरी छातीत धडधडत होते. भाची मात्र एकटक बघत होती. मध्येच म्हणाली, “मामी, एक बघितलंस का? डॉक्टर ‘इंजेक्शन द्या’ म्हणतो, तेव्हा देणारा हात दिसतो. हाताच्या मालकिणीचं तोंड काही दिसत नाही.”

मी म्हटले, “असं कसं? ती करारी हेड नर्स आहे की त्यात.”

“एक आहे गं. पण एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर किती असतील?”

मी उत्तर देणार, तोच बाहेर वळवाचा वारा सुटला आणि वीज गेली. टीव्ही काळा! बंदूकधारी जिन्यात, रुग्ण खाटांवर, आणि आम्ही अंधारात. सासूबाईंनी नेहमीसारखी वीजवाल्यांची कुळी उद्धरली. मी देवघरातली समई आणून मध्ये ठेवली. समईच्या उजेडात भाचीने विचारले, “मामी, खरंच असं झालं होतं का गं? हॉस्पिटलात शिरले होते?”

“झालं होतं,” मी म्हटले, आणि मला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगत गेले.

ती रात्र मी विसरणे शक्य नाही. बुधवार होता. माझे बाबा तेव्हा फोर्टातल्या एका कचेरीत होते. खर्डीहून रोज जायचे आणि रात्रीच्या कसारा लोकलने परत यायचे. त्या दिवशी डोके दुखत होते म्हणून लवकर निघाले. जेवून अंथरुणाला पाठ टेकतात तोच बातम्या सुरू झाल्या. ज्या फलाटांवरून ते रोज जायचे-यायचे, तिथे माणसे पडलेली. आई देवासमोर जाऊन बसली ती उठेचना. बाबा पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होते, “माझ्या डब्यातले काय झाले असतील?” रोजच्या गाडीतली माणसे म्हणजे सख्ख्या भावांसारखी. नंतर कळले, स्थानकावर सूचना देणारे विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून गोळीबार पाहिला आणि न घाबरता ध्वनिवर्धकावरून लोकांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. कितीतरी जीव त्या एका आवाजाने वाचले.

आणि स्थानकातून बाहेर पडून ते दोघे, कसाब आणि त्याचा साथीदार, पूल ओलांडून जवळच्याच कामा रुग्णालयात शिरले. मैत्रिणींनो, कामा हे बायकांचे इस्पितळ. 1886 साली उभे राहिलेले. परपुरुष डॉक्टरसमोर बाई जायची नाही आणि उपचारावाचून मरायची, अशा काळात बायकांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून ते बांधले. पेस्तनजी कामा यांनी त्यासाठी देणगी दिली आणि एडिथ पीची या डॉक्टरबाईंनी विलायतेहून येऊन ते नावारूपाला आणले. अशा ठिकाणी, जिथे बायका जीव जन्माला घालायला येतात, तिथे हे दोघे जीव घ्यायला शिरले.

त्या रात्री तिथल्या एका वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या आणि रात्रपाळीला होत्या परिचारिका अंजली कुलथे. त्यांनी खिडकीतून पाहिले, तर फाटकाजवळचे पहारेकरी गोळ्या लागून पडलेले आणि बंदूकधारी आतच येत असलेले. त्यांच्या सोबतीच्या एका कर्मचारी बाईच्या हाताला गोळी लागली. अंजलीबाईंनी वॉर्डाची जड दारे लावून घेतली आणि त्या विसाही जणींना वॉर्डाच्या टोकाच्या लहानशा खोलीत नेऊन बसवले. भरल्या दिवसांच्या बायका! त्यांना गप्प ठेवायचे, धीर द्यायचा, आणि बाहेर गोळ्या नि हातबॉम्बचे आवाज. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. तिला धरून, भिंतीच्या कडेकडेने जिना चढवून, त्यांनी प्रसूतिकक्षात पोहोचवले. त्या रात्री ती सुखरूप बाळंत झाली. गच्चीकडच्या चकमकीत पोलीस अधिकारी सदानंद दाते जबर जखमी झाले, आणि इस्पितळालगतच्याच गल्लीत करकरे, कामटे आणि साळसकर हे तिघे धारातीर्थी पडले. त्यांची नावे आपल्याला पाठ आहेत, असायलाच हवीत. पण वॉर्डातल्या त्या विसाही जणी आणि त्यांच्या पोटातली वीस बाळे सकाळी जिवंत होती, हे कोणामुळे? पुढे अंजलीबाईंनी कसाबला ओळखले, न्यायालयात साक्ष दिली. डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोरही त्या दूरचित्रणाद्वारे बोलल्या. साऱ्या जगाने ऐकले. आणि मी, दोन हंगाम पाहिलेली चाहती, मला त्यांचे नाव तोपर्यंत ठाऊक नव्हते. मालिका संपल्यावर खरे काय घडले ते शोधताना पहिल्यांदा वाचले.

माझे बोलणे संपले. समईची वात सारून सासूबाई एकदम म्हणाल्या, “आपल्या हिच्या वेळची सिस्टर अशीच होती.”

‘ही’ म्हणजे माझी लेक.

जुलै 2015. पाऊस असा की चार हातांवरचे दिसत नव्हते. मला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. ह्यांनी ओळखीची जीप आणली. तालुक्याच्या ठिकाणी जायला निघालो, तर महामार्गावर ट्रक आडवा झालेला, पुढे वाट नाही. शेवटी वाटेतल्या एका लहान सरकारी दवाखान्यात शिरलो. डॉक्टर आधीच्या एका रुग्णाला घेऊन रुग्णवाहिकेतून गेलेले. वीज नाही. एक सिस्टर, एक मावशी आणि एक बॅटरी. एवढे मला आठवते. पुढचे धूसर आहे. बाळाचे रडणे ऐकले आणि मी डोळे मिटले, असेच मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

सासूबाई म्हणाल्या, “तुला काय ठाऊक? पोर रडलीच नव्हती आधी. नाळ गळ्याभोवती. निळी पडलेली. त्या बाईनं नाळ सोडवली, तोंडातला चिकटा नळीनं ओढून काढला, पाठ चोळ चोळ चोळली. मी तर हातपाय गाळून बसले होते. मग कुठं ट्यां केलं हिनं. आणि तेवढ्यात तुझं अंगावरून जायला लागलं. थांबेचना. तिनं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, आणि तुझ्या पोटावर हात ठेवून जे दाबत बसली, ते दोन तास. पहाटे तिची पाळी संपली, बदलीची आली, तरी हात काढीना. म्हणाली, ‘आजी, गर्भपिशवी कडक झाल्याशिवाय मी उठणार नाही.’”

मैत्रिणींनो, दहा वर्षांनी मला हे कळत होते! मी घाबरेन, दूध आटेल, म्हणून तेव्हा सांगितले नाही, आणि मग सांगायचे राहून गेले. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे बाळंतिणी दगावण्याचे एक मोठे कारण आहे, हे मी कुठेकुठे वाचले होते. ते माझ्याच अंगावरून गेले होते हे ठाऊक नव्हते.

माझी लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. भाचीने हळूच विचारले, “मग मामी, नाव काय त्यांचं?”

मी सासूबाईंकडे बघितले, सासूबाईंनी माझ्याकडे. नाव? आम्ही तिला ‘सिस्टर’ म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पेढे आणले ते डॉक्टरांना दिले. नारळही दिला. डॉक्टरांचे नाव दारावर पाटीवर होते. सिस्टर तेव्हा घरी जाऊन झोपली असेल.

समईची ज्योत हलत होती. कोणी काही बोलले नाही. अर्ध्या तासाने वीज आली, मालिका पुन्हा सुरू झाली, महादेवांनी आणखी कोणाचा तरी जीव वाचवला. पण त्या दिवशी प्रथमच माझे डोळे डॉक्टरवर ठरत नव्हते. कडेला कोण उभे आहे तेच मी शोधत होते.

रात्री स्वयंपाकघर आवरताना मी भाचीला विचारले, “खरं सांग, नर्सिंगच का?”

ती भांडी पुसता पुसता म्हणाली, “मामी, आमच्या पलीकडच्या पाड्यावर रस्ता नाही. पावसात गरोदर बाईला झोळीत घालून आणतात. मी दोनदा कंदील धरून बरोबर गेलेय. एकदा वेळेवर पोचलो. एकदा नाही पोचलो. तेव्हा सोबत कोणी जाणकार असतं तर, एवढंच डोक्यात येतं. डॉक्टर व्हायला मार्क नाहीत नि पैसे नाहीत. हे मला जमेल.”

मी तिला समजावणार होते ना? ‘मामीसारखी बी.ए. कर’ असे सांगणार होते. मामीची गोष्ट काय आहे ते मग मीच मनाशी मांडून बघितले. तासिका तत्त्व म्हणजे शिकवले तेवढ्याच तासांचे पैसे. मे महिन्यात शाळा बंद, म्हणजे पैसेही बंद. दर जूनला पुन्हा घेतील की नाही ही धाकधूक. सांगायला मान आहे, नाही असे नाही. पण त्या मानाने गॅसचे सिलिंडर येत नाही. आणि नर्सिंगची पोरगी? जी.एन.एम. तीन वर्षे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षे. नंतर कुठल्याही गावात, कुठल्याही राज्यात हाताला काम. हिशेब सरळ होता. हिशेब चुकत होता तो आपल्या मनातला. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, अशी म्हण आहे ना? तसेच आपले सिस्टरांबाबत. अडल्या वेळी सिस्टर हवी, देवासारखी हवी, पण ती दुसऱ्याच्या घरची.

दुसऱ्या दिवशी मी ताईंना फोन केला. माझा विचार बदलला, हे सांगितले. ताई गप्प. मग म्हणाल्या, “वहिनी, मी काय लोकांच्या बोलण्याला भिते असं वाटतं तुला? भीती वेगळी आहे. अरुणा शानबागचं काय झालं ते ठाऊक आहे ना?”

ठाऊक होते. कोणाला ठाऊक नाही? केईएम रुग्णालयातली तरुण परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. ती पुन्हा शुद्धीवर अशी आलीच नाही. 18 मे 2015 ला गेली. एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयातल्या खाटेवर. आणि कोलकात्यात ऑगस्ट 2024 मध्ये रात्रपाळीवरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीचे काय झाले तेही ताज्यातले. आईची भीती ही अशी उगाच नसते. तिला ‘जुन्या विचारांची’ म्हणून उडवून लावणे सोपे आहे. मी उडवून लावू शकले नाही.

मी एवढेच म्हटले, “ताई, अरुणाला एवढी वर्षं सांभाळलं कोणी, तेही आठवा. तिच्याबरोबरच्या सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या. त्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं शुद्धीत, तरी स्वतःच्या माणसासारखं जपलं. तिला दयामरण द्यावं असा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा नको म्हणणाऱ्या त्याच होत्या. 2011 साली कोर्टानं त्यांचं म्हणणं मानलं.”

“ते सगळं खरं,” ताई म्हणाल्या. “पण एक विचारू? राग मानू नकोस. तुझी लेक उद्या म्हणाली, मला रात्रपाळी करायचीय, तर पाठवशील?”

मैत्रिणींनो, इथे माझी वाचा बसली. लेक समोरच्या पडवीत बाहुलीच्या हाताला दोऱ्याची सलाईन लावत होती. नाळेने गळा आवळलेली, निळी पडलेली ती पोर. तिला कोणाच्या तरी लेकीने, रात्रपाळीला आलेल्या लेकीने, श्वास दिला होता. त्या सिस्टरच्या आईने तिला पाठवले नसते तर? हे सगळे मनात आले, तरी ‘हो’ असे चटकन तोंडातून निघाले नाही. खोटे कशाला सांगू? बऱ्याच वेळाने म्हटले, “भीत भीत पाठवीन, ताई. पण पाठवीन.”

“मग मीही भीत भीतच बघते,” ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता पुढचे थोडक्यात सांगते. भावोजी अजून नाराज आहेत. ताईंनी अट घातली आहे, राहायला मुलींचे वसतिगृह कॉलेजच्या आवारातच हवे, आणि पहिल्यांदा त्या स्वतः जाऊन बघणार. अगदी रास्त अट आहे. तुमच्यापैकी कोणी मुलीला पाठवणार असाल तर तुम्हीही घाला. वसतिगृह कुठे आहे, रात्रपाळीहून परतताना सोबत कोण असते, कॉलेजला नर्सिंग परिषदेची मान्यता आहे का, हे प्रश्न विचारायला लाजू नका. अर्जाचे पैसे मी माझ्या तासिकांच्या पैशांतून दिले. ह्यांना आधी सांगितले नाही, नंतर सांगितले. हे म्हणाले, “बरं केलंस,” आणि पुन्हा पेपरात डोके घातले. आमच्याकडे याला पूर्ण संमती म्हणतात!

आणि सिस्टर? तिचाही शोध घेतला. आमच्या आशाताईंना सगळ्या दवाखान्यांची खडान्‌खडा माहिती. त्यांनी दोन दिवसांत पत्ता लावला. कधीच बदली होऊन ती जव्हारकडे गेली होती. फोन लावला, तर माझाच आवाज कापत होता. जुलै 2015, पाऊस, बॅटरी, गळ्याभोवती नाळ, सगळे सांगितले. पलीकडून थोडा वेळ शांतता, मग हसू आले.

“अहो बाई, पावसाळ्यातली अशी कितीतरी बाळंतपणं झाली माझ्या हातून. तुमचं नाही हो आठवत. पोरगी बरी आहे ना?”

“बरी आहे. पाचवीत जाईल आता.”

“मग झालं तर,” ती म्हणाली. मागून कोणीतरी ‘सिस्टर, सिस्टर’ अशा हाका मारीत होते. “ठेवते हं, पेशंट आलंय.”

तिला मी आठवतही नव्हते. आधी जरा चुटपुट लागली. मग वाटले, ठीकच आहे. आठवण ठेवायचे काम तिचे नव्हते, ते माझे होते. तिचे नाव इथे छापत नाही, तिला ते आवडणार नाही. पण आता ते मला ठाऊक आहे, सासूबाईंना ठाऊक आहे, आणि माझ्या लेकीने तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून ठेवले आहे.

तुमच्या बाळंतपणाच्या वेळी सिस्टर कोण होती, मैत्रिणींनो? नाव आठवते का?